गवतमामांची रजा

गवतमामांना खुर्चीत बसलेलं मी अठरा वर्षांत दोनदाच पाहिलं. एकदा त्यांचा पाय मुरगळला होता तेव्हा, आणि एकदा त्यांच्या सत्काराला. सत्काराच्या दिवशीसुद्धा मॅनेजरसाहेबांचं भाषण चालू असताना ते मधेच उठून खिडकीशी गेले. बाहेर कुणीतरी सायकल ढकलत मैदानाच्या कडेनं चाललं होतं आणि कड कुठे संपते हे त्या माणसाला कळलेलं नाही, असं मामांचं मत होतं. तिथूनच ते ओरडले. भाषण थांबलं. सायकलवाला पळाला. मामा पुष्पगुच्छ काखेत धरून परत आले आणि "चालू द्या" म्हणाले.

आमचं स्टेडियम सगळ्यांचं आहे. दोन फुटबॉल संघ, धावणाऱ्यांचा क्लब, भाला आणि हातोडा फेकणारे, अकरा शाळा, शिवाय वर्षातून दोन-तीनदा गाण्याचे कार्यक्रम. एवढ्या सगळ्यांत मैदान एक, आणि त्यावर खरं गवत. मी बुकिंग सांभाळते, म्हणजे सगळ्यांच्या शिव्या खाते. मामा गवत सांभाळायचे. आमच्या नोकऱ्याच एकमेकींच्या मुळावर उठलेल्या होत्या. मैदान द्यायचं हे माझं काम, आणि ते देऊ द्यायचं नाही हे मामांनी स्वतःच स्वतःकडे घेतलेलं काम.

"अहो बाई, हातोडावाल्यांना बुधवार दिलात?" मामा दारात उभे राहून विचारायचे. रागात असले की मी 'अहो बाई', एरवी 'अगं'.

"दिला. त्यांनी रीतसर अर्ज केला होता."

"मग मीही अर्ज करतो. गवताच्या वतीनं. बुधवारी त्याला विश्रांती हवी आहे."

"गवताची सही घेऊन या, लगेच मंजूर करते."

"हातोडा पडला की केवढा खड्डा पडतो, पाहिलाय का कधी? तुमच्या टेबलावर पाडतो एक, मग कळेल!"

असं आमचं रोज चालायचं. भांडण नव्हतं ते. म्हणजे सुरुवातीची पाच-सहा वर्षं होतं, नंतर सवय झाली.

मामा सकाळी सहाला येत. एक लांबलचक बांबूची काठी घेऊन सगळ्या मैदानावरचं दव झटकत फिरत. गवत फार वेळ ओलं राहिलं की बुरशी धरते, म्हणून. एवढं मैदान, आणि हा माणूस काठी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत चाललाय. मग खिशातली सुरी काढून कुठेतरी गुडघ्यावर बसायचे, जमिनीचा बोटभर तुकडा कापून वर घ्यायचे, मुळं बघायचे, माती हुंगायचे, तुकडा परत जागच्या जागी बसवून तळव्यानं दाबायचे. एकदा असा तुकडा त्यांनी माझ्या बुकिंगच्या रजिस्टरवर आणून ठेवला. "बघ, मुळं किती खोल गेलीत!" दोन शाळा आणि एक फुटबॉल संघ मातीखाली गेला. मी चिडले, पण मुळं खरंच लांब होती. पांढरी, दाट, माझ्या मधल्या बोटाएवढी.

त्यांच्या पायाला भिंगरी होती. दुपारी जेवायला बसले तरी डबा मांडीवर न ठेवता कठड्यावर ठेवून उभ्यानं खायचे, नजर मैदानावर. यंत्र चालवणारा गवत कापत असला की हे त्याच्या मागून चालत जायचे आणि जिथे त्यानं बरोबर कापलंय तिथेही वाकून बघायचे. त्यानं मला एकदा सांगितलं, "बाई, मला रात्री स्वप्नातसुद्धा मागे कुणीतरी चालतंय असं वाटतं."

गेल्या वर्षी व्यवस्थापनानं प्लॅस्टिकच्या गवताचं मनावर घेतलं. प्लॅस्टिकला पाणी नको, खत नको, विश्रांती नको. सकाळी शाळा, दुपारी फुटबॉल, संध्याकाळी गाणी, काहीही घाला. मॅनेजरसाहेब तर नमुन्याचा एक चौकोनी तुकडा टेबलावर ठेवून त्यावर चहाचा कप ठेवू लागले होते. मामांना त्या खोलीत जाणं जड जायचं. हे मैदान त्यांनी बावीस वर्षांपूर्वी चिखलातून उभं केलं होतं. निचऱ्याचे पाइप टाकताना ते होते, पहिलं बी त्यांनी पेरलं होतं. मामींनीच मला सांगितलं होतं, की त्या वर्षी पहिले कोंभ आले तेव्हा हा माणूस घरी येऊन न जेवता नुसता हसत बसला होता.

शेवटी असं ठरलं, की बाहेरून एक तपासनीस बाई येतील, मैदान तपासतील आणि लेखी कळवतील. एवढ्या सगळ्यांचा भार हे गवत झेलू शकतं की नाही, एवढाच प्रश्न. झेलू शकत असेल तर गवत राहील. नसेल तर उकरून प्लॅस्टिक.

मामांनी तपासणीआधी बारा दिवसांची विश्रांती मागितली. आणि मी ती दिली! बारा दिवस मैदान रिकामं ठेवायचं म्हणजे काय असतं ते मला विचारा. नाकी नऊ आले. फुटबॉलवाल्यांना दुसऱ्या मैदानावर पिटाळलं, भालाफेकवाल्यांना धडधडीत खोटं सांगितलं की पाइप फुटलाय, आणि एका मुख्याध्यापकांनी तर माझ्याशी बोलणंच टाकलं, ते अजून टाकलेलंच आहे. पण मी दिले बारा दिवस. मामांसाठी दिले, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पहिल्या दोन दिवसांत मामांनी करायचं ते सगळं केलं. जमिनीला भोकं पाडली, वाळू पसरली, गोलपोस्टसमोर टक्कल पडलं होतं तिथे बी टाकलं, खत दिलं. त्यानंतर काम एकच, वाट बघायची. सकाळी एकदा पाणी द्यायचं आणि गवताला त्याचं त्याचं वाढू द्यायचं. वर्षभर जो माणूस जगाला ओरडून सांगत होता की गवताला जरा एकटं सोडा, त्याच्यावर आता तेच करायची वेळ आली. आणि नेमकं तेच त्याला जमेना.

भोकं पाडली की गवत काही दिवस फिकं दिसतंच. मामांना हे माझ्यापेक्षा हजारपट ठाऊक. तरी ते दिवसातून दहा वेळा माझ्या खिडकीखाली येऊन वर बघत विचारायचे, "वरून कसं दिसतंय?"

"हिरवं."

"कसलं हिरवं? पिवळट?"

"मामा, हिरवं म्हणजे हिरवं!"

ते निघून जायचे आणि पाच मिनिटांनी परत यायचे. त्यांचं बघून माझाही जीव वरखाली व्हायला लागला. हवाही तशीच होती, गरम, दमट, वारा म्हणून नाही. मी पेन्सिलींना टोकं काढत बसायचे. ज्या पेन्सिलींना टोकं होती त्यांनाही.

पाचव्या दिवशी मामांना मैदानात स्वतःच्या पावलांचे ठसे दिसले. गवतावर पाऊल पडलं की ते लगेच उठून उभं राहायला हवं. ठसा राहिला तर त्याला तहान लागलीय असं समजतात. आता दिवसभर तिथेच येरझारा घालणाऱ्या माणसाचा एखादा ठसा राहणारच की नाही? पण मामांनी त्या संध्याकाळी पाणी सोडलं. मी घरी निघाले होते, जिन्यावरूनच फवाऱ्यांचा आवाज ऐकला आणि थबकले. संध्याकाळी पाणी द्यायचं नाही हा त्यांचाच नियम. रात्रभर गवत ओलं राहतं. या नियमावरून त्यांनी एका पाणक्याला रडवलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा पाणी. तिसऱ्या दिवशीही. त्याच दिवशी दुपारी मी खिडकीतून पाहिलं, तर मामा खत टाकायची ढकलगाडी घेऊन निघालेले. रंग लवकर यावा म्हणून दुसऱ्यांदा खत. मी खाली गेले.

"मामा, संध्याकाळचं पाणी चालू आहे का?"

त्यांनी वरही बघितलं नाही. "अहो बाई, तुम्ही बुकिंगचं बघा."

झालं, माझी तळपायाची आग मस्तकात गेली. बारा दिवस यांच्यासाठी मी जगाचं वैर घेतलं आणि हे मला 'अहो बाई' म्हणतात! मी तशीच वर गेले आणि खिडकी लावून घेतली. नंतरच्या संध्याकाळीही फवारे ऐकू आले. मी एक शब्द बोलले नाही. ते माझं चुकलं. तेव्हाही कळत होतं की चुकतंय, पण राग असा गोड लागतो कधीकधी.

दहाव्या दिवशी सकाळी मैदानावर तपकिरी वर्तुळं उठली होती. सुरुवातीला तीन, दुपारपर्यंत मोजता येईनात. ताटाएवढी, काही त्याहून मोठी, आणि कडेला धुरकट पट्टा. उबेत भिजलेलं, खतानं मऊ पडलेलं गवत बुरशीला आयतंच मिळालं होतं. मामा एका वर्तुळाच्या मधोमध उकिडवे बसले होते. मी जवळ गेले तेव्हा ते दोन बोटांनी एक पातं ओढत होते. पातं अलगद सुटून हातात येत होतं. ते टाकून दुसरं ओढत होते. मी म्हटलं, "मामा, पुरे." त्यांना ऐकूच गेलं नाही.

तपासणीच्या आदल्या दुपारी मॅनेजरसाहेबांनी हिरव्या रंगाचा डबा काढून दिला. टीव्हीवर सामना असला की आमच्याकडे गवतावर तो मारतात, त्यात लपवाछपवी काही नाही, सगळीकडे मारतात. "मारून टाका," साहेब म्हणाले, "लांबून झकास दिसेल." मामा डबा घेऊन गेले. मी घरी गेले आणि रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. रंग मारला असेल तर पकडले जातील असं वाटे, नसेल मारला तर मैदान जाईल असं वाटे.

सकाळी पाहिलं तर डबा न उघडता कोठीच्या दाराशी ठेवलेला.

"ती रंग बघायला येत नाहीये," मामा म्हणाले. "सुरी घालून बघेल. मीही तेच केलं असतं."

तपासनीस बाई नऊला आल्या. पन्नाशीच्या, सडपातळ, पायांत जाड तळव्यांचे बूट, हातात पत्र्याची पेटी. त्यांनी एका नळीतून वजन खाली टाकून जमीन किती कडक आहे ते मोजलं. निचरा बघितला. सुरी घालून मुळं बघितली आणि भुवया उंचावल्या. "मुळं उत्तम आहेत," त्या म्हणाल्या. मामा या पायावरून त्या पायावर होत होते. मग त्या वर्तुळांपाशी येऊन गुडघ्यावर बसल्या.

"पाणी कधी देता?"

"सकाळी," मामा म्हणाले.

"फक्त सकाळी?"

"फक्त सकाळी."

"खत?"

"एकदाच. बारा दिवसांपूर्वी."

मी त्यांच्या मागे उभी होते. अठरा वर्षांत या माणसाला मी हजार गोष्टींवरून बोल लावले होते, पण खोटं बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

बाईंनी पेन काढलं. "मग प्रश्नच मिटला. सगळं नियमानं करूनही, बारा दिवस विश्रांती देऊनही एवढा रोग येत असेल, तर या जमिनीला हा वापर झेपत नाही. मला तसंच लिहावं लागेल. वाईट वाटतं, कारण मेहनत दिसतेय तुमची."

मॅनेजरसाहेबांनी मान हलवली, फार दुःखानं नव्हे. मामा बाईंच्या पेनाकडे बघत होते. मी एक पाऊल पुढे टाकलं. मी सांगणार होते, देवाशप्पथ सांगणार होते, त्यांना काय वाटायचं ते वाटो. पण त्याआधी मामाच बोलले.

"थांबा. लिहू नका. संध्याकाळी पाणी दिलं मी. चार दिवस. खतही दुसऱ्यांदा टाकलं. जमीन चांगली आहे. ती नाही आजारी पडली, मी पाडली."

"का?" बाईंनी विचारलं. रागानं नाही, खरंच कळावं म्हणून.

"राहवलं नाही," मामा म्हणाले.

त्यांचे हात मात्र चालूच होते. सुरी मिटत होते, उघडत होते, मिटत होते. मॅनेजरसाहेब लाल झाले होते. मला रडू आलं आणि ते दिसू नये म्हणून मी उगाच रजिस्टर चाळलं.

बाईंनी पेन खिशात ठेवलं. त्यांनी सांगितलेला उपाय सरळ होता. बुरशीचं औषध एकदा मारायचं. सकाळचं पाणी घड्याळावर लावून ठेवायचं. यंत्रवाल्यानं आठवड्यातून एकदा गवत कापायचं आणि एरवी आत कुणी पाऊल टाकायचं नाही, म्हणजे माझी सगळी बुकिंगं पुन्हा रद्द. पंचवीस दिवसांनी, शुक्रवारी, त्या पुन्हा येतील आणि तेव्हा काय दिसेल तेच लिहितील. जाता जाता त्या मामांना म्हणाल्या, "तुमची रजा शिल्लक आहे का हो?"

मामांची रजा! ती तर डोंगराएवढी साचली होती. साहेबांनी तिथल्या तिथे एकवीस दिवसांची मंजूर केली.

मग माझ्यामागे मामांच्या फोनचा ससेमिरा लागला. पहिल्या दिवशी अकरा वेळा. मी निक्षून सांगितलं, "मैदानाबद्दल मी काही बोलणार नाही. तुम्ही ऐकलंत की इकडे याल." चौथ्या दिवशी फोन बंद झाले. पहारेकरी मात्र सांगायचा, की मामा सकाळी सहाला स्टेडियमच्या भिंतीबाहेरून चालत एक फेरी मारतात आणि जातात. भिंत दोन पुरुष उंच आहे. आतलं पातंसुद्धा दिसत नाही.

आत काय चाललं होतं ते मी रोज खिडकीतून बघत होते. आठ दिवसांत वर्तुळांच्या मधून कोंभ आले. पंधराव्या दिवशी वर्तुळं कुठे होती ते शोधावं लागलं. गोलपोस्टसमोरचं बी दाट उगवलं. अठराव्या दिवशी ऊन तिरपं आलं असताना मी वरून पाहिलं. अठरा वर्षांत इतकं सुंदर मैदान मी पाहिलं नव्हतं. आणि आनंद व्हायच्या आधी माझ्या मनात आलं, की हे मामांना कसं सांगायचं?

त्याच दुपारी मी त्यांच्या घरी गेले. धुलाईच्या दुकानावर दोन खोल्या, पुढच्या खोलीत मामींचं शिलाईयंत्र आणि शिवायला आलेल्या पडद्यांचे ढीग. मामींनी दार उघडलं आणि मला आत ओढलंच.

"आलीस ते बरं झालं. घेऊन जा यांना. नाहीतर मला तरी घेऊन जा. घरातल्या सगळ्या बिजागऱ्या काढून बसवून झाल्या. माझ्या यंत्राला तीनदा तेल घातलं, गिऱ्हाइकाच्या अख्ख्या पडद्यावर डाग! आता सुया आकारानं लावतायत."

मामा खरोखरच सुया लावत होते. मला बघून उठले. दाढी वाढली होती.

"कसं आहे?" त्यांनी विचारलं.

येताना वाटेत मी बरंच काही ठरवलं होतं. बरं आहे म्हणेन, सुधारतंय म्हणेन. पण ते माझ्याकडे बघत होते आणि मला खोटं बोलवेना.

"छान आहे मामा. फार छान आहे. मी असं कधी पाहिलं नव्हतं."

"वर्तुळं?"

"गेली."

"गोलपोस्टपाशी?"

"भरलंय."

"कोण बघतंय त्याच्याकडे?"

"कुणी नाही."

"यंत्रवाला मधेमधे जात असेल."

"आठवड्यातून एकदा. बाकी कुणीच नाही, मामा."

ते पलंगाच्या कडेवर बसले. तोंडावर हसू होतं, खरं हसू, आणि डोळे भरून आलेले. मामींनी यंत्र थांबवलं. मला वाटलं आता काहीतरी बोलावं, हा तुमचाच पाया आहे, बावीस वर्षांची मुळं आहेत, असलं काहीतरी. ते खरंही होतं. पण माझ्या तोंडाचा पट्टा नेमका त्या दिवशी अडकला.

"बाई कधी येणार?" मामांनी विचारलं.

"पुढच्या शुक्रवारी."

"आणि माझी रजा रविवारी संपते."

"हो. तुम्ही या ना, आता काय! नुसतं बघा."

"अगं, मला नुसतं बघता येतं का?" मामा म्हणाले. "सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. चार दिवस. माझे हात शिवशिवणारच. तेवढ्यात मी काहीतरी करून ठेवीन." त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. "तू रजा वाढव माझी. तिचं लिहून होईपर्यंत."

"मामा..."

"लिही म्हणतो ना!"

मामींनी कापडाच्या खालून एक कोरा कागद काढून दिला. मी पडद्यांच्या ढिगावर कागद टेकवून अर्ज लिहायला घेतला. अक्षर नीट येईना.

"कारण काय लिहू? आजारपण?"

"मला काय धाड भरलीय?" मामा म्हणाले. "लिही, मैदानाची तब्येत सुधारते आहे, सबब रजा वाढवून मिळावी."

मी तसंच लिहिलं. मामांनी मांडीखालून हात काढला, सही केली आणि खाली रेघ ओढली. रेघ जराशी वाकडी गेली. ती सरळ करायला ते पेन पुन्हा कागदाकडे नेऊ लागले. मग थांबले, आणि पेन मला परत दिलं.